उलटा वोप्के

रूर्डच्या पेट्रोलपंपावर मेले तरी पाय ठेवणार नव्हते मी. पण कंपनीने नेमकं तिथलंच काम दिलं, आणि खरं सांगू? मला मनातून उकळ्या फुटल्या.

माझे बाबा, वोप्के, जन्मभर हेच काम करायचे. जमिनीत पुरलेल्या लोखंडी टाकीला बारीकशी वीज देत राहिलं की गंज तिला खात नाही. ती वीज नीट लागते का, ते मीटरवर बघायचं. आकडा उणे आला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी इथे तो अधिक आला. बाबा म्हणाले, "रूर्ड, तू तारा उलट्या जोडल्यात. ही वीज टाकी राखत नाही, खातेय."

तारा रूर्डने स्वतःच जोडल्या होत्या, चिक्कू मेला. तो फिदीफिदी हसला. "म्हाताऱ्याला लाल-काळं कळेना! मीटर उलटं लावलंन आणि मला शिकवतोय!"

झालं, गावभर बोभाटा. बाबा कॅफेत शिरले की पोरंटोरंसुद्धा ओरडायची, "आला उलटा वोप्के!" बाबांनी आधी कॅफे सोडला, मग काम. तेव्हापासून ते खिडकीशी बसून असतात. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मी माती भिजवली, मोजायची तांब्याची नळी तीत रोवली आणि हाक मारली, "रूर्डकाका, या. मीटर तुम्हीच लावा."

"मी कशाला?"

"वोप्केची मुलगी ना मी. माझ्या हातून उलटं व्हायचं."

आधी त्याला कुंपणाच्या जस्त चढवलेल्या खांबावर मोजायला लावलं; जस्तावर आकडा नेहमी उणेच येतो. उणे. मीटर ठीक होतं. मग काळी तार नळीला तशीच ठेवून लाल त्याने टाकीला लावली. अधिक! त्याने चष्मा पुसला, पुन्हा लावली. अधिकच.

त्याचं तोंड उतरलं. "हिस्के, बाळा, टाकीच्या तारा बदलून टाकू या ना गुपचूप. कुणाला कळणारेय?"

"सगळ्यांना," मी म्हटलं आणि टाकी धोक्याची ठरवून पंपाला कुलूप घातलं.

टाकी रिकामी करून शनिवारी क्रेनने वर काढली. सगळं गाव पंपामागच्या कालव्याकाठी जमलं होतं. बाबांना मी खुर्ची आणि कॉफीचा थर्मास देऊन पुढेच बसवलं. टाकीवर खड्डेच खड्डे. क्रेनवाल्याने एकात स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला.

"बोला आता," मी रूर्डला म्हटलं. "बाबांसमोर जाऊन."

त्याने टोपी काढली आणि पुटपुटला, "वोप्के, तुझंच बरोबर होतं."

माझ्या बाबांना शेजारच्या छपरावरचं मांजरसुद्धा ऐकू येतं. त्यांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालास? वारा फार आहे रे. जोरात बोल, मागच्यांनाही ऐकू दे."

वाऱ्याचा मागमूस नव्हता. रूर्ड लालबुंद होऊन ओरडला, "वोप्के, तुझंच बरोबर होतं!"

बाबांनी कॉफीचा घोट घेतला.

"पुन्हा," ते म्हणाले.