शेंगदाण्यांची फौज

स्टीलच्या डब्यातून लाकडी टेबलावर शेंगदाणे ओतल्याचा आवाज आला, की अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावात युद्धाला तोंड फुटायचं. दामले काकांच्या स्वयंपाकघरात पूर्वेचं ऊन तोवर टेबलाच्या कडेपर्यंत सरकलेलं असायचं, आणि त्या उन्हात काका आपल्या लांबसडक, किंचित थरथरणाऱ्या बोटांनी अमेरिकेचा स्वातंत्र्यसंग्राम मांडायला बसायचे. शेंगदाणे म्हणजे वसाहतींतले शेतकरी, लोहार, चांभार. सुक्या लाल मिरच्या म्हणजे इंग्रजांचे लाल डगलेवाले शिपाई. आणि वाटीत झाकून ठेवलेले काजू म्हणजे फ्रेंच. "शेवटी येतात आणि भाव खातात," असं काका त्यांच्याबद्दल म्हणायचे.

काका मूळचे सांगलीचे, पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले पुलांचे इंजिनीअर. नागरिकत्वाच्या परीक्षेचा इतिहास त्यांनी याच टेबलावर काकूंच्या डब्यांतून पाठ केला, आणि पुढे गावात आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाची तयारी अशीच करून घेतली. काकू गेल्या, तरी डबे त्याच फळीवर, त्याच क्रमाने राहिले. मी अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलो. अजून व्हिसावरच आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर कधी लागेल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि परीक्षा तर त्याच्याही पलीकडे. तरीही दर रविवारी सकाळी काका मला समोर बसवायचे. "टॅक्स भरतोस, मत देता येत नाही. वसाहतींची तक्रार हीच तर होती. अरे, हे भांडण तुझंच आहे," ते म्हणायचे. "तुझा नंबर लागेपर्यंत मी आहे, काळजी करू नकोस."

पराभव सांगताना त्यांचा आवाज विलक्षण मऊ व्हायचा. न्यूयॉर्क हातचं गेलं, फौज मागे हटली, माणसं रातोरात घरी पळाली. काका एकेक शेंगदाणा हळूच बाजूला सरकवायचे, जणू झोपलेल्या मुलाला उचलून दुसऱ्या खोलीत नेतायत. मग चिमूटभर मीठ भुरभुरायचे. तो बर्फ. त्या बर्फात अनवाणी सैनिक बसलेले, अंगावर धड कपडे नाहीत, पोटात अन्न नाही, आणि तरीही घरी न गेलेले. इथे काका थांबायचे, खिडकीबाहेरच्या मेपलकडे पाहायचे, आणि मला दरवेळी वाटायचं की सांगलीहून आल्यानंतरचा स्वतःचा पहिला हिवाळा ते त्या मिठात बघतायत.

नियम एकच होता: जिंकल्याशिवाय फौजेला तोंड लावायचं नाही. काजू यायचे, समुद्राची वाट अडायची, शेवटच्या मोठ्या लढाईत, यॉर्कटाउनला, मिरच्या काकांच्या दोन तळव्यांमध्ये कोंडल्या जायच्या, मग ते डोळ्यांनीच खूण करून म्हणायचे, "वाजव." मी पालथ्या पातेल्यावर नगारा वाजवायचो, आणि आम्ही दोघं मिळून खारट झालेली विजयी फौज फस्त करायचो.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी, मीठ पडल्या पडल्या, काकांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. मी हसलो. "काका, अजून हिवाळा चाललाय!" तेही ओशाळून हसले. पुढच्या रविवारी चार गेले, मग मूठभर. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव नंतर सांगितलं; मला ते त्या टेबलावर आधीच कळलं होतं. सेनापतींची नावं पुसली गेली, फौजेने रात्री ओलांडलेली नदी पुसली गेली, यॉर्कटाउन पुसलं गेलं. उरला तो हिवाळा, आणि त्यात फौजेला एकेक करून खाणारे काका. मला त्यांचा राग यायचा, हे सांगायची आता लाज वाटते.

यंदा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी त्यांची मुलगी मेधा त्यांना न्यायला दूर दक्षिणेतल्या शुगर लँडहून आली होती. बॅगा दाराशी उभ्या होत्या. "तिथली वृद्धांची फॅसिलिटी चांगली आहे रे, एक मराठी नर्सपण आहे," ती मला म्हणाली. "मी रोज ड्राइव्ह करून जाईन." मला एवढंच हवं होतं, की जाण्याआधी काकांनी एकदा, फक्त एकदा, ते युद्ध शेवटापर्यंत न्यावं. मी डबा आणला, शेंगदाणे ओतले, मिरच्या मांडल्या. ऊन होतं, आवाज तोच होता. काकांनी सवयीने मीठ भुरभुरलं आणि खायला लागले. मी घाईघाईने काजूंची वाटी उघडी केली. "काका, फ्रेंच आले! जहाजं आली, बघा!"

त्यांनी काजू पाहिले, मिरच्या पाहिल्या, आणि मग आपला मीठ लागलेला रिकामा तळवा पाहिला.

"कोणाच्या मदतीला?" ते म्हणाले. "इथे आपलं कोणीच उरलं नाही."

मेधाने पाठ फिरवली आणि उगाचच नळ सोडला. मी म्हणालो, "आपण जिंकलो, काका. खरंच जिंकलो." काकांनी माझ्याकडे फार आदबीने पाहिलं. अकरा वर्षं मला अरे-तुरे करणारा तो माणूस म्हणाला, "असं का? तुम्ही होतात का तिथे?"

डबा मेधाने मला दिला. आता ते युद्ध मला पहिल्या गोळीपासून शेवटच्या शरणागतीपर्यंत तोंडपाठ आहे, आणि ते विचारणारं कोणी नाही. रविवारी ऊन माझ्याही टेबलावर येतं. मी पातेलं पालथं घालतो आणि बसून राहतो. केव्हाच जिंकून झालेलं ते युद्ध तिकडे शुगर लँडच्या उकाड्यात, एका माणसाच्या मनातल्या बर्फात अजून हरलंच जातंय, आणि मला "वाजव" म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही.