प्रवाळाचा उडालेला रंग

मित्रांनो, मी एक जुने प्रवाळ आहे. दातांच्या दवाखान्यात, रुग्णांच्या बाकासमोर, खाऱ्या पाण्याच्या टाकीत राहतो. कुणी मला झाड समजते, कुणी दगड. खरे तर मी मोहरीएवढ्या असंख्य प्राण्यांचे एकत्र कुटुंब आहे.

आलो तेव्हा करंगळीच्या पेराएवढा होतो. डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांनी मला टाकीतल्या दगडावर चिकटवले. ते हाडाचे रंगारी. उभी हयात लोकांच्या भिंती रंगवण्यात गेलेली. मी आधी दगडावर पसरून पाय रोवले, मगच फांद्या काढल्या. चुन्याचे घर बांधायचे, त्यावर दुसरे चढवायचे, हाच आमचा उद्योग! अंग हिरवेगार, नव्या वाढीची टोके जांभळी. निळा दिवा लागला की मी आतून पेटल्यासारखा दिसे.

"सूनबाई, हा जांभळा मला कधी कालवता आला नाही गं," सासरे म्हणत. मी फुशारून जाई.

एकदा घरचे सगळे बाहेरगावी गेले आणि पाणी ऊबदार ठेवणारा हीटर बिघडला. तो बंदच होईना. माझ्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. उजेडात अन्न तयार करून तेच मला भरवते. त्या उकाड्यात ते मला सोडून गेले. मी पांढराफटक पडलो, उपाशी राहिलो.

"बाबा, गेलं हो हे," परतल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी नासायच्या आत काढून टाकूया."

"थांब. आधी तुझं दात बघायचं भिंग आण."

बाईंनी भिंग काचेला लावले आणि त्या एकदम ओरडल्या, "बाबा, तोंडं हलतायत! जिवंत आहे!"

मग दोघांनी पाणी हळूहळू निववले, दिवा मंद केला, बारीक खाऊ घातला. शेवाळ परतू लागले, तसा मी आधी तपकिरी झालो.

"हा चहाचा चोथा कशाला ठेवलाय?" एका रुग्णाने विचारले.

"अस्तराचा हात आहे तो," सासरे म्हणाले. "खरा रंग मागून येतो."

तसेच झाले. तपकिरीतून हिरवा उमटला. मग एका सकाळी सासऱ्यांनी बाईंना काम सोडून बाहेर बोलावले. एकाच फांदीच्या टोकावर जांभळा ठिपका आला होता. बाई हातमोज्यांसकट टाकीपुढे उकिडव्या बसल्या.

मित्रांनो, आमचा रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे. तो फिकटला तर पाणी तपासा, धीर धरा, फेकायची घाई करू नका. आम्हाला ओरडता येत नाही. रंग उडणे हीच आमची हाक असते.