कोपराची माया

संपादक काकासाहेबांनी कथा दुसऱ्यांदा वाचून संपवली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या लहानशा कार्यालयात दिवाळी अंकाचे काम शेवटच्या टप्प्यात आले होते. कहकशाची कथा अंकात पहिली लागणार, असे त्यांनीच तिला फोनवर कळवले होते. आता ती त्यांच्यासमोर बसली होती. ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत असे. बरीच वर्षे लिहूनही तिची एकही कथा अजून छापून आली नव्हती.

"कथा चांगलीच आहे," ते म्हणाले. "अडचण खालच्या टिपेची आहे. ती काढून टाक."

टिपेत कहकशाने सरळ लिहिले होते, की मसुदा पूर्ण झाल्यावर तिने तो कृत्रिम बुद्धिमत्तेला वाचायला दिला आणि त्या यंत्राने विचारलेल्या प्रश्नांवरून एक प्रसंग पुन्हा लिहिला.

"का काढायची, सर?"

"गेल्या दिवाळीत आपण एक कथा छापली. सगळी यंत्रानं लिहिलेली निघाली. लेखक तर शपथ घेऊन सांगत होता, माझीच आहे म्हणून. लोकांनी मला चार माणसांत उभं राहू दिलं नाय."

संगणकावर अंकाची पाने लावत बसलेले राजकुमार मान न वळवता म्हणाले, "मॅडम, मानधन कुणाच्या नावानं काढायचं तेवढं सांगून ठेवा. यंत्राचं बँकेत खातं असंल तर बरं पडंल."

"माझ्याच नावानं काढा, राजकुमारभाऊ. त्याला पोट नाही, मला आहे."

काकासाहेब हसले नाहीत. "हे बघ, आता बरेच जण वापरतात. मला काय कळत नाय का? पण सांगत कुणी नाय. खोटं बोल, असं मी म्हणत नाय. नुसती गप्प राहा म्हणतो. आणि दुसरं, हा कोपराचा प्रसंग बदल. यंत्राचा हात कुठं लागला, ते तिथं उघड दिसतंय."

कथा पिशोरमध्ये अद्रक धुणाऱ्या बायांची होती. दिवसभर अद्रक मोडून, निवडून, धुऊन घरी आलेली आई दारात रडत उभ्या असलेल्या लेकीला कोपराने जवळ ओढते आणि कोपरानेच तिचा गाल पुसते, असा तो प्रसंग होता.

"कुठली आई लेकराला कोपरानं कुरवाळते?" काकासाहेब म्हणाले. "यंत्राला आई नसती, म्हणून त्याला असलं सुचतं. तिथं मायेनं तळहात फिरव. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल."

कहकशाने फोन काढला, यंत्राशी झालेला संवाद उघडला आणि त्यांच्यासमोर धरला. काकासाहेबांनी पुन्हा चष्मा लावला. यंत्राने लिहिले होते: 'आई मुलीला कोपराने का ढकलते? ती रागावली आहे का? तिचे प्रेम स्पष्ट व्हावे यासाठी तिने मुलीच्या गालावरून मायेने तळहात फिरवावा.'

"तळहात यंत्राचा आहे, सर," ती म्हणाली. "कोपर माझ्या अम्मीचं."

राजकुमारांनी आता मान वळवली.

"अद्रकाचा रस हातात मुरतो. साबणानं जात नाही. तो हात लेकराच्या डोळ्याला लागला की लेकरू रात्रभर तळमळतं. म्हणून हंगामात आमच्या गल्लीतल्या सगळ्या आया कोपरानंच जवळ घ्यायच्या. मला हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की दुसऱ्याला ते कळणार नाही, हे मनातच आलं नाही. यंत्रानं चुकीचं वाचलं तेव्हा ध्यानात आलं. मग मी त्या आईचे दोन्ही पंजे लेकीपासून लांब, हवेत धरलेले दाखवले. तळहात मात्र फिरवू दिला नाही."

"पंजे वाचले मी," काकासाहेब सावकाश म्हणाले. "वाचताना थांबलोही होतो. मग खालची टीप बघितली, अन् मागं जाऊन यंत्र शोधायला लागलो." त्यांनी चष्मा पुन्हा काढला. "देवगाव रंगारीला आमचंही अद्रक असतं. धुवायला पिशोरलाच जातं."

त्यांनी कथेची पाने नीट जुळवली. "कोपर राहू दे. पहिलीच कथा लावू. पण टीप जाईल. ती वाचून मला जे झालं, तेच प्रत्येक वाचकाला होणार. तुझंच नुकसान आहे, बेटा."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच नकार देणे अवघड होते. कहकशाला आपल्या वर्गातली मुले आठवली. ती मुले यंत्राकडून निबंध लिहून घेत आणि विचारले की खाली बघत. वापरा, पण त्याने काय सांगितले आणि तुम्ही कुठे ऐकले नाही ते लिहा, असे ती त्यांना वर्षभर बजावत आली होती.

"गेल्या वर्षी तुम्हाला यंत्रानं फसवलं नाही, सर. खरं न सांगणाऱ्या माणसानं फसवलं. आणि आता तुम्ही मलाच गप्प राहायला सांगताय."

"लोक संशय घेतील."

"घेऊ द्या. तुम्ही घेतलात, विचारलंत, मी उत्तर दिलं. त्यांनाही विचारू द्या. लपवायला मी चोरी केलेली नाही."

"लई हट्टी आहेस."

"व्हय," ती म्हणाली.

काकासाहेबांनी पाने तिच्याकडे सरकवली. "मग या अंकात जमणार नाय."

तिने पाने पिशवीत ठेवली, दोघांना नमस्कार केला आणि ती निघाली. दारापर्यंत पोहोचली तेव्हा मागून राजकुमारांचा आवाज आला, "मग पहिल्या पानावर आता लावू काय?" काकासाहेबांचे उत्तर तिला ऐकू आले नाही.

जिना उतरून तिने आईला फोन लावला.

"अम्मी, कहानी नहीं छप री."

"कायकू?" नजमाने विचारले.

"मशीन को पढ़ाई थी, वो बात मैं लिख के दी. बोले, वो निकाल दो."

"चोरी करी क्या तू?"

"नहीं."

"फिर कायकू निकालना? छुपाने की बात है क्या?" मग तिने जरा थांबून विचारले, "और वो कोहनी वाली बात? वो तो है ना?"

"है, अम्मी."

"बस फिर. घर आ."

कहकशा बसथांब्याच्या बाकावर बसली. दुसऱ्या एका मासिकाचा पत्ता तिच्याजवळ होता. पाठवण्यापूर्वी तिने फोनवर कथा उघडली. शेवटी असलेली टीप तिने तिथून उचलली आणि शीर्षकाच्या खाली, पहिल्या वाक्याच्याही आधी ठेवली. मग त्या टिपेत तिने आणखी एका ओळीची भर घातली: 'यंत्राने तळहात सुचवला होता. तो घेतलेला नाही.'