माझी धारदार कड

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी विमान आहे. निदान माझ्या पाटीवर तसं लिहिलंय. खरं तर मी अर्धंच विमान. समुद्रावर उतरणाऱ्या विमानाचं पोट कसं असावं, हे ठरवण्यासाठी केलेला छोटा नमुना. वरून विमान, खालून नाव.

माझा जन्म कोबेच्या किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात झाला. हिराओका-साननी मला कागदावर आखलं आणि कुरामोतो मिस्त्रींनी किरी नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडातून घडवलं. मिस्त्री पूर्वी नवरीच्या कपड्यांची कपाटं करत. त्यांच्या कपाटाचा एक खण आत लोटला, की हवेच्या दाबानं दुसरा आपोआप बाहेर येई.

लांबलचक हौदात मला दोरीनं ओढत. मी पाणी कापत धावे आणि सगळे माझ्या पंख्यांकडे बघत. पाणी तिथवर उडता कामा नये. खऱ्या विमानाच्या गरगरत्या पंख्यांना पाण्याचे थेंबही खड्यांसारखे लागतात. माझं पाणी मात्र बाजूला फेकलं जायचं सोडून कुशीला चिकटून वर चढे, आणि नेमकं पंख्यांवरच उडे.

हिराओका-साननी आराखडा पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडेना. शेवटी मोठ्या साहेबांनी बजावलं, "शुक्रवारी पंखे कोरडे राहिले नाहीत, तर हे काम बंद."

त्या दिवसापासून हिराओका-सान जेवणाच्या सुट्टीतही एका हातात भाताचा गोळा धरून दुसरा हात माझ्यावरून फिरवत बसत.

"आधी स्वतःच्या पोटाचं बघा, मग ह्याच्या," असं म्हणत मिस्त्रींनी एकदा चहा ओतला. किटलीच्या बोथट तोटीवरून चहा मागे वळला आणि तिच्या पोटावरून ओघळला. "मेली नेहमी अशीच गळते."

हिराओका-सान किटलीकडे बघतच राहिले. मग त्यांनी माझ्या पोटाच्या कडेवरून बोट फिरवलं. ते कुठंच अडलं नाही.

"मिस्त्री, इथं मी धारदार कड आखली होती."

"होती. मी मोडली."

"मोडली?"

"घासून जराशी गोल केली. लागेल अशी कड ठेवून वस्तू दुकानाबाहेर काढली असती, तर गुरूंनी मलाच बाहेर काढलं असतं. शिवाय तुम्ही दिवसभर ह्याच्यावरून हात फिरवता."

हिराओका-सान रागावले नाहीत. त्यांनी किटलीची बोथट तोटी बोटानं चाचपली. मग हळूच म्हणाले, "पाणी त्या गोलाईला धरून वर चढतंय. ह्या चहासारखं. कड धारदार असली, की ते सुटून बाजूला जाईल."

"म्हणजे तुमचा हात वाचवून मी तुमचं काम बुडवत होतो."

"कड परत करता येईल?"

"येईल. पण मग हात लावायचा नाही."

मिस्त्रींनी माझ्या दोन्ही कुशींना नवी पट्टी चिकटवून तिला धार आणली. शुक्रवारी मी धावलो आणि पाणी दोन्हीकडे सपाट, खाली, पंख्यांपासून दूर उडालं. मोठ्या साहेबांनी पंखे रुमालानं पुसून पाहिले आणि कोरडा रुमाल खिशात ठेवला. आनंदाच्या भरात हिराओका-साननी माझ्या कुशीवरून हात फिरवलाच. बोट कापलं. मिस्त्रींनी खिशातून कापडाची चिंधी काढली. ती त्यांनी सकाळीच घडी करून ठेवली होती.

पुढे माझ्यासारख्याच पोटाचं मोठं विमान झालं. दूरच्या बेटांवरच्या आजाऱ्यांना ते इस्पितळात आणू लागलं. त्याचं कौतुक झालं, मी फळीवर धूळ खात पडलो. आता मी गावातल्या मुलांच्या संग्रहालयात असतो.

परवा एका मुलीला माझी कड लागली. इथली व्यवस्था बघणाऱ्या तोमोए-बाई घासकागद घेऊन आल्या. माझं तर काळीज गोठलं. पण नशिबानं हिराओका-सान मला भेटायला आले होते. केस पांढरे, हातात काठी.

"बाई, एक मिस्त्री तुमच्याइतकाच मायाळू होता," ते म्हणाले, आणि त्यांनी बोटावरचा जुना वण दाखवत सगळं सांगितलं. तोमोए-बाईंनी घासकागद ठेवला आणि माझ्या कडेला कापूस भरलेली खोळ शिवून चढवली.

तेव्हा मित्रांनो, एखाद्या वस्तूला जपायचं, तर ती कशासाठी आहे हे आधी विचारा. मला बघायला याल, तेव्हा खोळ जरूर काढून बघा, पण माझी कड मोडू नका. आणि बोटं सांभाळा. चिंधी घेऊन उभे राहायला मिस्त्री आता नाहीत.