एकोणीस नावांची साखळी

दवाखान्यासमोरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर हकीमसाहेब एका दमात एकोणीस नावं म्हणत होते. यांनी त्यांच्याकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्याकडून, असं करत थेट पैगंबरांपर्यंत! आणि एवढ्या थोर साखळीतून निघालं काय, तर डबीतली भुकटी. म्हणे, ती घेणाऱ्याला मधुमेहाची सुई टोचायची गरज नाही. लोक ढसाढसा रडत होते. चपलांबरोबर अक्कलही दाराबाहेर काढली की रडू लवकर येतं.

पहिल्या रांगेत हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, शिकवणाऱ्या बाई होत्या, मांडीवर पुस्तक. शेजारी त्यांची थोरली बहीण. तिने सहा दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. पायाच्या अंगठ्यावरची जखम काळी पडत चालली होती.

"आपा, चल. समोरच डॉक्टर आहेत."

"गप गं! एकोणीस बुजुर्ग खोटे आणि तू एकटी शहाणी?"

बाईंचं डोकं सणकलं. वर्गात त्या मुलींना हेच शिकवायच्या: वचनाआधी सांगणारा तपासा. तो खरं बोलतो का? ज्याचं नाव घेतो, त्याला भेटला तरी होता का? त्या उठल्या.

"हकीमसाहेब, तुम्ही हे कोणाकडून ऐकलंत?"

"आमच्या उस्तादांकडून! पायाशी बसून, या कानांनी!"

"वय काय आपलं?"

"पंचावन्न! पण वाटतं का? भुकटीची कमाल!"

बाईंनी पुस्तक उघडून शेजारच्या शिंप्याला दिलं. "उस्ताद वारले ते साल वाचा."

शिंप्याने वाचलं, बोटांवर हिशेब केला, डोकं खाजवलं. "साठ वर्षं झाली की! म्हणजे हे जन्माआधीच शिकून आले?"

हॉलभर खसखस पिकली.

"स्वप्नात... स्वप्नात ऐकलं," हकीमसाहेब चाचरले.

"आत्ता तर 'या कानांनी' म्हणालात! अठरा नावं खरी आहेत, याच पुस्तकातून उचललेली. पण पुस्तकात त्या नावांखाली दिलेलं वचन खरं बोलण्याबद्दलचं आहे. ते तुम्ही फेकलंत, भुकटी घुसडलीत आणि शेवटी स्वतःचं नाव चिकटवलंत."

आपा पुटपुटली, "माझा विश्वास होता गं."

"ठेव की विश्वास! पण माणूस पारखून. एका वचनाची खात्री करायला बुजुर्गांनी गावोगाव पायपीट केली. तू जागची हललीसही नाहीस."

आपा बहिणीच्या खांद्यावर हात टाकून रस्ता ओलांडून गेली. अंगठा कापावा लागला. पाय वाचला.

लोकहो, पवित्र नावाने बोललेलं खोटं जास्तच खोटं असतं. कोणी सांगितलं, कधी, कुठे, एवढं तरी विचारा. खऱ्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.