ऐकू न येणारी शिट्टी

"सर, तुम्ही खरंच शिट्टी वाजवता, की नुसते गाल फुगवता?"

मित्रांनो, हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने भर तासाला विचारला, तोही मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. आणि ज्या शिट्टीबद्दल विचारला, ती मीच. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. पोटात बुचाची एक गोळी, वर निळी नाडी. एकवीस वर्षं मी खेळाच्या सरांच्या गळ्यात आहे. नाडी चारदा बदलली, मी तीच.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडला, आणि एका बाईने मला फुंकून पाहिलं. "ही जरा जास्तच बोलते," ती शेजारणीला म्हणाली. मला ती शाबासकीच वाटली.

मैदानावरचा माझा रुबाब काय सांगू! एक आखूड फुंकर, की पळणारे जागीच थांबत. दोन आखूड, की अख्खी रांग वळे. एक लांब, की सगळी पोरं सुसाट सुटत. मागच्या वर्षी सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ओरडायला सक्त मनाई केली. तेव्हापासून तर सरांचा आवाज म्हणजे मीच.

मग शाळेच्या इमारतीची दुरुस्ती निघाली. मैदानात खडीचे ढीग पडले आणि खेळाचा तास घरून, संगणकावर सुरू झाला. सरांनी लॅपटॉप दोन डब्यांवर ठेवला, टी-शर्ट खोचला आणि मला जोरात फुंकलं. पडद्यावरच्या तीस चौकोनांतली तीस मुलं ढिम्म. पुन्हा फुंकलं. कुणी नाक खाजवलं, कुणी पाणी प्यायलं. सरांना वाटलं, मुलं आता आपल्याला जुमानत नाहीत. मला वाटलं, माझंच वय झालं.

तीन आठवडे हे असंच चाललं. शेवटी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "सर, पालक म्हणतात मुलं नुसती उभी असतात. गणिताचे सर हा तास मागतच आहेत. शनिवारी मी स्वतः येऊन बघते, मग ठरवू." फोन ठेवून सरांनी मला टी-शर्टच्या टोकाने पुसलं.

गुरुवारी तो प्रश्न आला. विचारणारीला सगळे चिमणी म्हणत, कारण तिचा आवाज तेवढाच. लहानपणी तिला दम लागायचा, म्हणून घरून दरवर्षी चिठ्ठी यायची : हिला खेळाच्या तासाला बसू द्यावे. बाकीची मुलं एकमेकांकडे बघत नुसती उभी राहायची. ही मात्र खुर्चीत बसून सरांचे गालच बघायची. म्हणून तर पैज लावताना मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "तू रिकामीच असतेस, विचार की."

सर दचकले. "म्हणजे ऐकूच येत नाही?"

"नाही सर. आम्हाला वाटलं, तुम्ही घसा जपताय."

"अगं, मग कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि थांबायची शिट्टी असेल सर, तर आम्ही थांबलेलोच होतो," एक मैत्रीण म्हणाली.

चिमणीनेच मग उलगडा केला. संगणक बाहेरचा गोंगाट गाळतो. मिक्सर, कुत्री, गाड्या. त्यात मीही गेले. एकवीस वर्षांची नोकरी, आणि मी मिक्सरच्या पंगतीला! सरांनी ते गाळणं बंद करून पाहिलं, तर मी घरोघरी अशी किंचाळले की दोन घरांतली तान्ही बाळं रडत उठली. ते लगेच पूर्वीसारखं केलं.

सरांनी जरा विचार केला. "तासभर मोजत राहायला माझा घसा पुरायचा नाही. चिमणे, तुला माझे गाल कळतात ना? मग मी फुंकतो, तू मोज."

"मी? सर, मला तर चिठ्ठी आहे."

"तोंडाला कुठे आहे चिठ्ठी?"

शनिवार उजाडला. एका चौकोनात बाई चष्मा सावरून बसल्या. सरांनी मला फुंकलं. खुर्चीतून चिमणी पुटपुटली, "एक... दोन..."

"ए, स्वतःपुरतंच मोजतेस का?" मैत्रिणीने टोमणा मारला.

चिमणी उठून उभी राहिली. आणि मित्रांनो, उभं राहिल्यावर तिच्यातून जो आवाज निघाला, तो मी फुंकली जात असूनही ऐकत राहिले. तीस घरांत हात एकदम वर गेले, एकदम खाली आले. तिसऱ्या फेरीला तिचे स्वतःचे पायही उड्या मारू लागले. तिच्या चौकोनात आई धावत आली. "अगं, बस खाली. दम लागेल."

"आई, मी बसले तर सगळे थांबतील. सात, आठ!"

आई तिथेच उभी राहिली. सोळा मोजून झाले तेव्हा बाईंचेही हात वर होते. ते हळूच खाली घेत त्या म्हणाल्या, "तास राहू द्या, सर. माझा आखडलेला खांदा सुटला."

आता मी थकले आहे, पण तक्रार नाही. मला फुंकून पाहणाऱ्या त्या बाईची, रोज पुसणाऱ्या सरांची आणि भर तासाला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीची मी ऋणी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसा, एवढंच मागणं. आणि कुणाचा आवाज पोचत नसेल, तर वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. सांगून टाका.

त्या शनिवारी तास संपला, चौकोन एकेक करून मिटले. एकच उरला. चिमणी आपला आवाज बंद करायला विसरली होती. आतून तिच्या बाबांचा आवाज आला, "पुढच्या महिन्यात शाळा उघडतेय. खेळाची चिठ्ठी दे, सही करून ठेवतो."

सर बटणाकडे गेलेला हात तसाच ठेवून ऐकत राहिले. दुसऱ्या हाताच्या मुठीत मी होते.

"नको बाबा," चिमणी म्हणाली, आणि गोंगाट गाळूनही तिचा शब्द न् शब्द पोचला. "डॉक्टर दोन वर्षं सांगताहेत, खेळू द्या. मी ठरवलंय, यंदा चिठ्ठी न्यायची नाही. दम लागला तर बसेन, गेला की उठेन. आणि आई, माझे बूट लहान झालेत."