लिपस्टिकचे ठिपके

"बाबा, ती पेन्सिल खाली ठेवा. इतक्यात एकही भोक पाडायचं नाही," हिल्का म्हणाली.

उनो रुओना ऐकणाऱ्यातला नव्हताच. सरोवरकाठच्या या गॅरेजात त्याने चाळीस वर्षं काढली, आणि पोरीच्या हातात ड्रिल म्हणून कधी दिलं नाही. आता गुडघ्यांनी दगा दिला, तर म्हातारा गॅरेजच विकायला निघाला होता. घेणारा माणूस आज दुपारी फोन करून होकार मागणार होता. अठ्ठेचाळीस वर्षांची हिल्का याच तेलकट फरशीवर लहानाची मोठी झालेली. इथून निघायचा विषय निघाला की ती उठून कामाला लागायची.

समोर नर्स जोलीनची बर्फावर धावणारी गाडी, स्नोमोबाइल होती. उद्या सकाळी जोलीनला सरोवराच्या गोठलेल्या खाडीवरून जाऊन बेटावरचा पेशंट आणायचा होता. गुळगुळीत बर्फावर पकड बसावी म्हणून तिच्या खाली फिरणाऱ्या रबरी ट्रॅकला टोकदार खिळे लावलेले. तेच खिळे ट्रॅकवरचा पत्रा आणि त्या पत्र्याला चिकटलेला, इंजिनाचं पाणी गार करणारा कूलर फाडतात, म्हणून आतून पोलादी पट्ट्या ठोकायच्या होत्या.

"पत्र्याचा मध्य धरून दोन्हीकडे चार-चार इंचांवर पट्टीच्या खुणा केल्यात मी. त्यात बघायचंय काय?" उनो गुरगुरला.

"खिळ्यांनाच विचारू या ना!"

हिल्काने पर्समधून लाल लिपस्टिक काढली आणि एकेका खिळ्याच्या टोकाला फासली.

"अगं, लग्नाला नेतेस की काय तिला?"

"नेते तर! वऱ्हाडी तुम्हीच. बसा सीटवर. लाईलकाका, तुम्हीपण या! आज तुमच्या पोटाचं काम आहे."

"चला, कुणाला तरी कदर आली," म्हणत शेजारचा लाईल मागे बसला.

जोलीनच्या मागे पेशंट बसणार, म्हणजे गाडी दोघांच्या वजनाने दबणार आणि खिळे वर चढणार. दोघे म्हातारे सीटवर बसल्या बसल्या पोरांसारखे उड्या मारू लागले. हिल्काने गाडी वीतभर ढकलली, पुन्हा उड्या मारायला लावल्या, पुन्हा ढकलली. मग तिघांनी गाडी कुशीवर कलती केली आणि तिने आत टॉर्च मारला.

पत्र्यावर लाल ठिपके उमटले होते. उजवीकडचे उनोच्या खुणेवरच होते, पण डावीकडचे दोन बोटं बाहेर, थेट कूलरच्या कडेवर.

"यंदा जोलीनने डावीकडे खिळ्यांची एक ओळ वाढवून घेतलीय," हिल्का म्हणाली. "तुमच्या मापाने पट्टी बसली असती, तर कूलर फाटला असता. पाणी गळून इंजिन खाडीच्या मधोमध बंद पडलं असतं, पेशंटसकट."

उनोने एक ठिपका अंगठ्याने पुसून पाहिला. मग पेन्सिल खिशात घातली.

"चुकलो असतो गं मी," तो म्हणाला.

हिल्काला भरून आलं. हा शब्द त्याच्या तोंडून तिने जन्मात ऐकला नव्हता. पण रडत बसायला वेळ कुणाला होता? तिने ड्रिल उचललं. पत्र्याच्या वर पेट्रोलची टाकी होती, म्हणून ड्रिलचं टोक जास्त आत जाऊ नये यासाठी त्यावर रबरी नळीचा तुकडा चढवला आणि पहिलं भोक पाडलं. उनो दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरून वाकला. पट्टी पत्र्याला जखडणारं तिसरं रिव्हेट बसतंय तोच फोन वाजला.

"बाबा, तुमचा आहे. तोच माणूस."

"माझे हात रिकामे दिसतात का तुला? तूच घे. गॅरेज विकायचं नाही म्हणून सांग."

हिल्का फोनकडे बघतच राहिली. "कोण बोलतंय म्हणून सांगू?"

"मालकीण बोलतेय म्हण," उनो करवादला. "आणि लवकर आटप, हात भरून आलेत माझे."